जंगलातलं दुकान

गेल्या शनिवारी आई साताऱ्याहून आली. बाकीचे लोक दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर पाणी मागतात, आई कपाट उघडते. वरच्या फळीवरून एक भली मोठी सॅक खाली आली. पासष्ट लिटरची, राखाडी-नारिंगी, कमरेला जाड पट्टा, पाठीला हवा लागावी म्हणून जाळी, तळाच्या खिशात पावसाचं कव्हर. आणि एका बंदाला लोंबणारं किमतीचं लेबल, दुकानातून आलं तसंच्या तसं.

"ही कुठल्या लग्नाला न्यायची ठेवलीयस?" आईने विचारलं.

मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात अमेरिकेतलं एक बंद पडलेलं टीव्ही चॅनल होतं. आईला ते ऐकवण्यात अर्थ नव्हता. तुम्हाला ऐकवतो.

२०२२ च्या ऑगस्टपासून दहा महिने मी ऑनसाइट होतो, फिलाडेल्फियाच्या बाहेर. गाव म्हणावं असं काही नाही. एक हायवे, त्याला लागून ऑफिसं, ऑफिसांना लागून हॉटेलं, आणि चालत जायचं म्हटलं तर फुटपाथच नाही. भारतातल्या टीमशी कॉल असल्यामुळे झोपेचं खोबरं झालेलं. रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे, मग हॉटेलचा टीव्ही. रिमोट दाबत गेलं की दोन चॅनलांवर माझा अंगठा हमखास थांबायचा. एकावर माणसं झाडाच्या रंगाचे कपडे घालून झाडावर बसलेली असायची आणि हरणाची वाट बघत कुजबुजत बोलायची. दुसऱ्यावर एक हसऱ्या बाई काहीतरी विकत असायच्या. ते दुसरं म्हणजे क्यूव्हीसी. त्याचा स्टुडिओ वेस्ट चेस्टरला, माझ्या हॉटेलपासून गाडीने अर्ध्या तासावर.

आमच्या क्लायंटकडे एक साठीला टेकलेले गृहस्थ होते. मेनफ्रेमवर आयुष्य काढलेलं, म्हणून आपण त्यांना मेनफ्रेमकाका म्हणू. काका पक्के शिकारी. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा मोसम पिढ्यानपिढ्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. खेडोपाडी त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. (आपल्याकडे बैलपोळ्याला वर्ग ओस पडतात, तसंच.) २०१९ मध्ये सरकारने तो मुहूर्त सोमवारवरून शनिवारवर आणला आणि काकांचा त्यावरचा राग तीन वर्षांनीही निवळला नव्हता. रात्री मी ते कुजबुजणारे कार्यक्रम बघतो असं एकदा जेवताना त्यांना सांगितलं, तर म्हणाले, हे काय बघतोस, आमचं चॅनल होतं ते असतं तर तुला दाखवलं असतं.

त्यांचं चॅनल म्हणजे आऊटडोअर लाइफ नेटवर्क, लोकांच्या तोंडी ओएलएन. १९९५ च्या सुमाराचा जन्म. सोबत गाड्यांच्या शर्यतींचं स्पीडव्हिजन नावाचं जुळं भावंडं. ओएलएनवर शिकार, मासेमारी, डोंगर चढणं, बर्फावरून घसरणं, सगळं घराबाहेरचं. २००१ मध्ये ते पूर्णपणे कॉमकास्ट या केबल कंपनीच्या ताब्यात गेलं आणि त्याच वर्षापासून त्यांनी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत दाखवायला सुरुवात केली. लान्स आर्मस्ट्राँग तेव्हा ओळीने जिंकत होता. लोक थट्टेने चॅनलला 'ओन्ली लान्स नेटवर्क' म्हणायला लागले. (ती सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, पण चॅनलची कमाई व्हायची ती आधीच होऊन गेली होती.) २००५ मध्ये लान्स निवृत्त झाला. त्याच साली ईएसपीएनने सोडलेली बर्फावरची हॉकी ओएलएनने उचलली. सप्टेंबर २००६ मध्ये नावच बदलून 'व्हर्सेस' झालं. २ जानेवारी २०१२ ला ते एनबीसी स्पोर्ट्स नेटवर्क झालं. ३१ डिसेंबर २०२१ च्या रात्री बंद. म्हणजे मी तिथे पोचायच्या आठ महिने आधी. कॅनडात त्याच नावाचं एक भावंडं तग धरून होतं, त्याचंही २०२४ मध्ये ब्राव्हो झालं.

काकांचं निदान एका वाक्यात होतं: हॉकीने मारलं.

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. अमेरिकेत केबल कंपनी दर घरामागे दरमहा काही ठरलेली रक्कम चॅनलला देते. ही रक्कम वाढवून मागायची तर चॅनलकडे असं काहीतरी हवं की जे गेलं तर गिऱ्हाईक फोन करून शिव्या घालेल. हॉकीचा सामना आत्ता, या क्षणी बघायचा असतो. हरिण मात्र आज आलं काय, गेल्या नोव्हेंबरात आलं होतं काय, बघणाऱ्याला फरक पडत नाही. १ सप्टेंबर २००९ पासून पुढच्या मार्चपर्यंत डायरेक्टटीव्हीने व्हर्सेस दाखवायचंच थांबवलं होतं, भांडण याच पैशावरून. तेव्हा ओरडले असतील ते हॉकीवाले, कुजबुजणारे नव्हेत. जंगलाला लाइव्ह किंमत नाही. मग जंगलाच्या चॅनलने जगायचं कशावर?

दुकानावर.

तिथल्या अशा चॅनलांवरचे बरेच कार्यक्रम चॅनल स्वतः बनवतच नाही. कार्यक्रम बनवणारा अर्ध्या तासाची वेळ चॅनलकडून पैसे देऊन घेतो. ते पैसे तो धनुष्यं, बंदुका, बूट, तंबू बनवणाऱ्यांकडून उभे करतो. मग सूत्रसंचालक तेच धनुष्य घेऊन त्याच झाडावर बसतो आणि हरिण पडल्यावर देवाचे आभार मानतो, बायकोचे मानतो आणि धनुष्याचेही मानतो. जाहिरातीसाठी मध्ये ब्रेक येतो तेव्हा पुन्हा तेच धनुष्य! पहिल्या आठवड्यात मला वाटलं हा तांत्रिक गोंधळ आहे, एकच क्लिप दोनदा लागतेय. गोंधळ नव्हता. अख्खा कार्यक्रम म्हणजे बावीस मिनिटांचं दुकान होतं, फक्त काउंटरवर पालापाचोळा पसरलेला.

एक कबुली देतो. तो पालापाचोळा मला आवडायचा. डोंगरात पहाट होत असायची, दवाने ओली सॅक खांद्यावर घेऊन माणूस उतारावरून खाली यायचा, आणि मी बंद काचेच्या खिडकीत हायवेचा आवाज ऐकत बसलेला. सहा महिने मी एकही टेकडी चढलो नव्हतो. ब्लॅक फ्रायडेला मॉलमध्ये जाऊन जवळपास तशीच सॅक घेतली, १४० डॉलर. कोणी विकली असं वाटलंच नाही. वाटलं की आपल्याच मनात आलं.

आता शेजारचं चॅनल बघा. टीव्हीवरून घरबसल्या खरेदीची सुरुवात खरं तर रेडिओवर झाली. १९७७, फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर. एका जाहिरातदाराकडे रेडिओ स्टेशनचं बिल भरायला पैसे नव्हते, त्याने बदल्यात डबे उघडायची ११२ यंत्रं आणून टाकली, हिरव्या रंगाची. स्टेशनचा मालक बड पॅक्सन. त्याने आपल्या निवेदकाला, बॉब सर्कोस्टाला, सांगितलं की माइकवरून विकून टाक. प्रत्येकी ९ डॉलर ९५ सेंटला सगळी गेली. त्यातून १९८२ मध्ये स्थानिक केबलवर आणि १९८५ मध्ये देशभर होम शॉपिंग नेटवर्क उभं राहिलं. क्यूव्हीसी १९८६ चं. पैशाचा प्रवाह इथे उलटा वाहतो: ही चॅनलं केबल कंपनीकडून घरामागे पैसे मागत नाहीत, उलट त्या भागातल्या विक्रीतून तिलाच वाटा देतात. त्यामुळे एकीकडे जंगल, ज्याला कोणी फारसे पैसे देत नाही, आणि दुसरीकडे दुकान, जे जागेचे पैसे स्वतः मोजतं. या दोघांचं लग्न कोणीतरी लावणारच. डिश नेटवर्कवर 'मेन्स आऊटडोअर अँड रिक्रिएशन' नावाचं तसं एक चॅनल होतंही, घराबाहेरचे कार्यक्रम आणि घरबसल्या खरेदी एकाच छताखाली. तेही आता इतिहासजमा.

अशा चॅनलची चेष्टा करणं सोपं आहे, आमच्या टीममध्ये सगळ्यांनी केली. माझं मत उलटं आहे. तो प्रकार त्यातल्या त्यात सरळ होता. क्यूव्हीसीवरच्या बाई एकदा कॅम्पिंगचा कंदील विकत होत्या. पडद्यावर किंमत, हप्ता किती, वस्तूचा नंबर, फोन नंबर. बाईंनी तो कंदील सोफ्यावरच पेटवून दाखवला. समोर हरिण नाही, पहाट नाही, देवाचे आभार नाहीत. आपण दुकानात उभे आहोत हे मला पूर्ण वेळ माहीत होतं आणि मी काहीही घेतलं नाही. जिथे दुकान दिसत नव्हतं तिथे माझे १४० डॉलर गेले.

हे लिहिताना बाबांची दुर्बीण आठवली. २००८-०९ ची गोष्ट, मी पाचवी-सहावीत. रात्री उशिरा हिंदीत डब केलेले विक्रीचे कार्यक्रम लागायचे ते तुम्हालाही आठवत असतील: गोरी माणसं, ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे, पोट कमी करायचा पट्टा, कधी न बोथटणारी सुरी. त्यातल्याच कुठल्याशा कार्यक्रमात एक दुर्बीण दाखवली. पाच किलोमीटरवरचा पक्षी दिसतो, अंधारातही दिसतं, सोबत होकायंत्र फुकट. बाबा बँकेत कारकून. पै पैचा हिशोब ठेवणारा माणूस, पण रात्री साडेअकराला त्यांनी फोन फिरवला. पार्सल आलं ते पोस्टमनला रोख पैसे मोजून सोडवलं. आईने त्या आठवड्यात त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

दुर्बीण अर्थातच भंगार होती. प्लॅस्टिकची, हातात खेळण्यासारखी हलकी. होकायंत्राच्या मते आमच्या घरात उत्तर दिशा दोन ठिकाणी होती. पण बाबांनी ती गळ्यात अडकवली आणि दर रविवारी पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायला लागले. मला घेऊन. त्याआधी ते वर्षातून एखादेवेळी जायचे, पाहुणे आले तर. वर जाऊन दक्षिण दरवाजाकडे बसायचं, यवतेश्वरचा डोंगर बघायचा, सज्जनगड बघायचा. दुर्बिणीतून दोन्ही डोंगर धुरकट आणि कडेला जांभळे दिसायचे, नुसत्या डोळ्यांनी जास्त स्पष्ट. एकदा मी तसं म्हणालो तर बाबा म्हणाले, "अरे, पण हातात काहीतरी असलं की यायला कारण होतं."

मी कॉलेजात सह्याद्री फिरलो तो ह्याच पायऱ्यांवर लागलेल्या सवयीने. अ‍ॅक्शन ट्रेकिंगचे बूट, शाळेचं दप्तर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला स्वेटर. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड-तोरणा, सगळं त्याच दप्तरात झालं. आता सॅक पासष्ट लिटरची आहे. ट्रेक तीन वर्षांत शून्य.

तर मग खरेदी वाईट, टीव्ही वाईट, चला निसर्गाकडे? तसं मी मुळीच म्हणत नाहीये. मेनफ्रेमकाकांनीच मला एक गोष्ट सांगितली, मी नंतर वाचून खात्री करून घेतली. अमेरिकेत १९३७ पासून पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा आहे. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. कर कारखानदाराकडूनच घेतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला पावतीवर दिसतही नाही. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. १९५० मध्ये मासेमारीच्या गळ-दोऱ्यांवर १० टक्क्यांचा तसाच कायदा आला. थोडक्यात, झाडावर बसलेल्या त्या धनुष्यवाल्याने दुकान कितीही लपवलं तरी त्याच्या प्रत्येक खरेदीतून जंगलाला काहीतरी पोचत होतं. मला शिकार आवडत नाही. हरिण पडताना मी चॅनल बदलायचो. पण हिशोब हिशोब असतो.

आणि गिर्यारोहकांचं काय? १९९० च्या दशकात असाच कर सॅक, तंबू, बूट, दुर्बिणी यांवरही लावावा असा प्रस्ताव तिथे आला होता. ही सामग्री बनवणाऱ्या उद्योगाने कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. हे वाचल्यावर मी जरा वेळ गप्प बसलो. कॅटलॉगांत सगळ्यात सुंदर पहाटा यांच्याच. बंदूकवाल्याने द्यायचे आणि निसर्गप्रेमी सॅकवाल्याने फक्त फोटो काढायचे! माझ्या १४० डॉलरमधला एक सेंटही अशा कुठल्या करातून जंगलाकडे गेला नाही.

इथे तरी मी कुठला शहाणा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क असतं, आजूबाजूच्या गावच्या समित्या सगळी व्यवस्था बघतात. २०१९ मध्ये मी आणि तीन मित्र तिथल्या पोराशी वाद घालत होतो, की आम्ही साताऱ्याचेच, आमच्याकडून कसले पैसे. तो पोरगाही साताऱ्याचाच होता, म्हणजे आमच्यापेक्षा जास्तच, पठाराखालच्या गावातला. शेवटी दिले पैसे, पण कुरकुरत. परतताना चौघांनी मिळून त्याच्या दुपटीचे कंदी पेढे घेतले आणि त्या भावाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्यातल्या एकाच्या अंगात आठ हजारांचं जॅकेट होतं. (माझ्या नव्हतं. मी तेव्हा ट्रेनी होतो, नाहीतर असतं.)

ओएलएनसारखी चॅनलं गेली, त्यांची जागा यूट्यूबने घेतली असं म्हणतात. घेतली हे खरं. झाडावर बसलेला माणूस गेला, आता कॅमेरा हेल्मेटला लावून कोकणकड्यावर उभा असलेला माणूस आहे, आणि खाली वर्णनात बूट, टॉर्च, सॅक, सगळ्यांच्या लिंका. त्यावरून घेतलंत की त्याला थोडं कमिशन. बरेच जण तसं लिहितातही, आणि जे लिहितात त्यांच्याबद्दल मला राग नाही. मला राग आहे तो स्वतःबद्दल. कारण दुकान लपवायचं काम हल्ली पगार घेऊन मीच करतो.

२०२२ मध्ये त्या दहा महिन्यांत आम्ही काय बनवत होतो? खरेदीच्या एका साइटचं पान. क्लायंटचं नाव सांगता येणार नाही. त्यात घड्याळ होतं: ही किंमत आणखी अमुक मिनिटं. ते घड्याळ मी लिहिलं. पान रिफ्रेश केलं की ते पुन्हा पंधरा मिनिटांवर जायचं, कारण त्यामागे कुठलीही मुदत नव्हतीच, एक स्थिर आकडा होता. कोड रिव्ह्यूमध्ये त्यावर एकच कॉमेंट आली: आकडा कॉन्फिगमध्ये हलव. मी हलवला. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसवणुकीच्या १३ प्रकारांची यादी काढली, त्यात खोटी घाई पहिल्या नंबरवर आहे. यादी वाचताना स्वतःच्या फंक्शनचं नाव वाचल्यासारखं झालं. तिथल्या साइटवर ते घड्याळ अजून चालू आहे की नाही, मी बघितलेलं नाही. बघायला दोन सेकंद लागतील. बघितलेलं नाही.

मेनफ्रेमकाकांना एकदा ते घड्याळ दाखवलं होतं, कौतुकाने. त्यांनी बघितलं, रिफ्रेश केलं, पुन्हा केलं, आणि विचारलं, हे खरं नाही ना? मी म्हटलं नाही. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून हरणाचं सुकवलेलं मांस घेऊन आले आणि मी शाकाहारी आहे हे चौथ्यांदा ऐकून हसत परत घेऊन गेले.

असो. आई परवा साताऱ्याला परत गेली. रात्री बाबांचा फोन आला.

"आई म्हणतेय मोठी पिशवी घेतलीयस."

"सॅक आहे बाबा. ट्रेकची."

"कितीला पडली?"

मी तीन हजार सांगितले.

"जास्त घेतले," बाबा म्हणाले. मग त्यांनी दुर्बिणीची बातमी दिली. उजवीकडची काच गेल्या पावसाळ्यात निखळून पडली, किल्ल्याच्या पायऱ्यांवर शोधली पण सापडली नाही. आता डाव्या डोळ्याने बघतात. तसं बरं पडतं म्हणाले, दोन डोळ्यांना दोन वेगवेगळे डोंगर दिसायचे ते बंद झालं.